चार कॅमेरे, एक रेकॉर्डर आणि टाईमकोड: शूटच्या आधी काय काय करायचं

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत एका ढोल पथकाचं शूट केलं होतं आम्ही, नाशकात वाकडी बारवेपासून रामकुंडापर्यंत, चार कॅमेरे आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. रात्री कार्ड खाली केली, दोनशेच्या वर क्लिपा निघाल्या, म्हटलं काय एवढं, सॉफ्टवेअरला सांगू आवाज जुळवून सिंक कर. केलं त्याने. पण ढोलाचं कसं आहे, एक ठोका दुसऱ्या ठोक्यासारखाच दिसतो वेव्हफॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखात, आणि पथक तोच ताल दहा-दहा मिनिटं वाजवतं, त्यामुळे सॉफ्टवेअरने बऱ्याच क्लिपा एक आवर्तन पुढे नाहीतर मागे चिकटवून ठेवल्या, आणि दिसायला सगळं बरोबर. पथकातल्या एका ढोलवाल्याने बघितलं आणि पहिल्याच मिनिटात म्हणाला, दादा टिपरू वर आहे आणि ठोका ऐकू येतोय. मग चार रात्री बसून हाताने एकेक क्लिप सरकवली. हे सगळं टाईमकोडने वाचलं असतं. म्हणून जे शिकलो ते सगळं एका जागी लिहितोय, लग्नाचं शूट करणारे, कीर्तन रेकॉर्ड करणारे, शॉर्टफिल्मवाले, सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी टाईमकोड म्हणजे काय ते. पावसाळ्यात गोदावरीला पाणी किती आलंय असं नाशकात कोणालाही विचारा, तो मीटर-फूट सांगत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय, छातीला लागलंय असं सांगतो, आणि पंचवटीतला माणूस असो की सातपूरचा, दोघांच्या डोळ्यासमोर एकच जागा येते. टाईमकोड तेच करतो. व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेमला एक ठरलेला आकडा देतो, तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. १४:३२:०७:१८ म्हणजे दुपारी दोन बत्तीस, सातवा सेकंद आणि त्या सेकंदातली १८ नंबरची फ्रेम. आपण सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करतो तेव्हा शेवटचा आकडा ०० पासून २४ पर्यंत जातो, २५ कधीच दिसत नाही, २४ नंतर सेकंद एकने वाढतो आणि परत ००. आता चारही कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये त्या क्षणाला हाच आकडा लिहिला गेला असेल तर एडिटला काही शोधायचंच राहत नाही, आकड्यासमोर आकडा ठेवायचा.

हे आलं कुठून तेही थोडक्यात सांगतो कारण त्याने गोष्ट डोक्यात बसते. फिल्मच्या रिळावर काठाला नंबर छापलेले असायचे, फ्रेम डोळ्याने दिसायची, कात्रीने कापायची. व्हिडिओ टेप आली आणि टेपकडे बघून काहीच कळेना, नुसती तपकिरी पट्टी. म्हणून १९६० च्या दशकात टेपवरच वेळेचे आकडे सिग्नल म्हणून लिहायची पद्धत निघाली आणि पुढे अमेरिकेतल्या सिम्प्टी या संस्थेने ती प्रमाण केली, म्हणून अजूनही लोक सिम्प्टी टाईमकोड म्हणतात. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट दाखवला तेव्हा हा प्रश्नच नव्हता, मूकपट होता, कॅमेरा हाताने फिरवायचा. १९३१ ला आपल्याकडे बोलपट आले, पुढे चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे रेकॉर्ड व्हायला लागला, आणि तेव्हापासून हे दोघं परत जुळवायचे कसे हा उद्योग चालू आहे. क्लॅप त्याचसाठी असतो. पाटी मिटताना दिसते आणि तिचा टक आवाज येतो, दोन्ही जुळवलं की झालं.

मग क्लॅप पुरत नाही का? एका कॅमेऱ्याच्या डायलॉग सीनला पुरतो, मस्त पुरतो. पण मिरवणुकीत, लग्नात, कीर्तनात कोण कोणाला थांबवून क्लॅप मारणार, आणि कॅमेरे चार ठिकाणी, वाटेल तेव्हा चालू-बंद होणारे. शिवाय एक गोष्ट बरेच जण विसरतात, आवाजाला पोचायला वेळ लागतो. नारोशंकराची घंटा वाजली तर देवळापाशी उभा आहे त्याला लगेच ऐकू येते आणि नदीपलीकडच्याला थोडी नंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, आणि २५ फ्रेमवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदाची, म्हणजे दर १४ मीटरला एक फ्रेम उशीर. ढोलापासून ४०-४२ मीटरवर गॅलरीत टेलिलेन्स लावून बसलेल्या कॅमेऱ्याच्या माईकला ठोका तीन फ्रेम उशिरा मिळतो. तुम्ही आवाजावरून सिंक केलं तर सॉफ्टवेअर आवाजाला आवाज बरोबर जुळवेल, आणि चित्र तीन फ्रेम चुकीच्या जागी जाईल. टिपरू पडतंय एकीकडे आणि ठोका दुसरीकडे, आमचं जे झालं त्यातलं निम्मं कारण हे होतं. टाईमकोडला अंतराशी काही देणंघेणं नसतं कारण तो हवेतून ऐकून येत नाही, प्रत्येक कॅमेऱ्याजवळ त्याचं स्वतःचं घड्याळ असतं.

आता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबून वाचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणून २५ फ्रेम. शटर १/५० ठेवलं की हॉलमधल्या ट्यूब-एलईडीचा फ्लिकर बहुतेक वेळा त्रास देत नाही. सिनेमासाठी २४. पण कॅमेरा नवीन घेतला की मेनूमध्ये एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्ही पद्धत, निवडलेलं असू शकतं आणि मग त्यात २५ दिसतच नाही, २३.९८, २९.९७ असलं काहीतरी दिसतं. एक कॅमेरा २९.९७ ला आणि बाकी २५ ला असं झालं तर टाईमकोडचे शेवटचे आकडेच वेगळे मोजले जातात, जुळणार काय डोंबल. शूटच्या आदल्या दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याच्या मेनूत स्वतः जाऊन बघायचं, मित्राने आणलेल्या कॅमेऱ्यावर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. २४ आणि २३.९७६ हे एकच आहे असं समजणारे खूप भेटतात, पण तासाभरात त्यात ८६ फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे ३.६ सेकंद.

ड्रॉप फ्रेम हा शब्द कधीतरी दिसेल. २९.९७ चं फुटेज ३० च्या हिशोबाने मोजलं तर टाईमकोडचं घड्याळ खऱ्या घड्याळाच्या मागे पडत जातं, तासाला तेच ३.६ सेकंद. म्हणून दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला नाही गाळत, असे तासाला १०८ नंबर गळतात आणि हिशोब बसतो. यात एकही फ्रेम गळत नाही हे लक्षात घ्या! पंचांगात क्षय तिथी असते ना, तृतीयेनंतर एकदम पंचमी, पण आपला दिवस काही कुठे जात नाही, नुसता आकडा गाळलेला असतो, तसंच. सेकंद आणि फ्रेमच्या मध्ये अर्धविराम दिसला तर तो ड्रॉप फ्रेम समजायचा. २५ ला ही भानगडच नाही, म्हणून अमेरिकेतलं काम नसेल तर २५ धरा आणि निवांत राहा.

कॅमेऱ्यात टाईमकोडच्या मेनूत दोन पर्याय असतात, रेक रन आणि फ्री रन. रेक रन म्हणजे रेकॉर्ड चालू असेल तेव्हाच आकडा पुढे जातो, बंद केलं की थांबतो. एकाच कॅमेऱ्याला ठीक आहे, सलग नंबर मिळतात. पण एकापेक्षा जास्त कॅमेरे असतील तर फ्री रनच पाहिजे, कॅमेरा रेकॉर्ड करो न करो घड्याळ चालूच. हे चुकलं तर बाकी कितीही महागाचं सामान लावा, उपयोग नाही.

फ्री रन करून चारही कॅमेऱ्यांवर एकच वेळ हाताने सेट केली तर? पैसे नसतील तर हे करा, मी वर्षभर हेच केलं. चार जण चार कॅमेरे घेऊन उभे राहायचं, एकाने तीन-दोन-एक म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. पाच-दहा फ्रेम इकडेतिकडे होतंच, पण दोनशे क्लिपांतली प्रत्येक क्लिप तिच्या जागेच्या अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन बसते आणि मग फक्त बारीक सरकवायचं राहतं. फक्त कॅमेऱ्यातलं घड्याळ भटकतं हे धरून चाला. घड्याळ चालवणारा साधा क्रिस्टल २० पीपीएमने चुकला, म्हणजे दहा लाख सेकंदात २० सेकंद, तर तासाला ७२ मिलिसेकंद, जवळजवळ दोन फ्रेम. आणि एक कॅमेरा पुढे पळाला, दुसरा मागे राहिला की चार. दिवसभराच्या शूटला संध्याकाळपर्यंत अर्ध्या-पाऊण सेकंदाची दरी पडते. म्हणून दर दोन-तीन तासांनी परत सेट करायचं, जेवायला बसल्यावर पहिलं काम ते.

टाईमकोडचे छोटे डबे मिळतात, टेंटॅकल, डीटी वगैरे, काडेपेटीपेक्षा जरा मोठे. त्यात तापमानाप्रमाणे स्वतःला सांभाळणारा क्रिस्टल असतो आणि २४ तासात एका फ्रेमच्या आत राहतो. विकत घेणं परवडत नसेल तर शूटपुरते भाड्याने शोधा, चौघांनी मिळून घेतले तरी चालतात. सकाळी निघायच्या आधी घरीच सगळे डबे चालू करायचे, ॲपमध्ये २५ निवडायचं, एकाला मुख्य धरून बाकीच्यांना त्याच्याशी जुळवायचं, याला जॅम सिंक म्हणतात. एकदा जॅम झालं की डबे एकमेकांपासून कितीही लांब गेले तरी चालतं, त्यांच्यात वायरलेस लिंक लागत नाही, रविवार कारंजावरच्या गर्दीत ब्लूटूथ तुटलं म्हणून घाबरायचं नाही. फक्त डबा बंद करायचा नाही. बंद पडला तर परत जॅम. म्हणून रात्रीच सगळे चार्जिंगला लावायचे.

मग प्रत्येक कॅमेऱ्याला एक डबा वेल्क्रोने चिकटवायचा. कॅमेऱ्याला टाईमकोड इन असेल तर काम सोपं, त्या कॅमेऱ्याची बरोबर केबल घ्या, सोनी एफएक्स३ सारख्याला वेगळी ॲडॉप्टर केबल लागते, मेनूत फ्री रन करा, स्क्रीनवरचा आकडा आणि डब्यावरचा आकडा एकच दिसतोय का बघा. रेकॉर्डरचंही तसंच, झूम एफ६ सारख्या रेकॉर्डरला टाईमकोडची जागा असते, आणि तो वेव्ह फाईलमध्ये मध्यरात्रीपासून किती सॅम्पल, म्हणजे आवाजाची किती मोजमापं, झाली ते लिहून ठेवतो. ४८ किलोहर्ट्झला २५ च्या एका फ्रेममध्ये बरोबर १९२० सॅम्पल बसतात, म्हणून व्हिडिओच्या कामाला नेहमी ४८ वर रेकॉर्ड करा.

पण आपल्यापैकी बहुतेकांकडे साधे मिररलेस नाहीतर डीएसएलआर, त्यांना टाईमकोड इन नसतं. तिथे डबा माईकच्या जॅकला लावायचा. टाईमकोड हा आवाजाच्या रूपातही असतो, एलटीसी म्हणतात त्याला. प्रत्येक फ्रेमसाठी ८० बिट, म्हणजे २५ ला सेकंदाला २००० बिट, आणि ऐकायला जुन्या फॅक्स मशीनसारखा कर्रर्र आवाज. तो आवाज कॅमेऱ्याच्या एका चॅनेलवर रेकॉर्ड होतो, आणि डब्यात माईक असेल तर दुसऱ्या चॅनेलवर आजूबाजूचा आवाज. इथे तीन गोष्टी सांभाळा. डब्याचं आउटपुट माईक लेव्हलवर ठेवा, लाईन लेव्हलने कॅमेऱ्याचा आवाज फाटतो आणि फाटलेला कोड वाचता येत नाही. कॅमेऱ्याचं ऑटो गेन, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणं, बंद, हाताने लेव्हल लावा, मीटर निम्म्याच्या जरा वर. आणि विंड कट, नॉईज रिडक्शन असलं काही चालू असेल तर बंद करा कारण कॅमेऱ्याला तो कर्रर्र आवाज म्हणजे कचराच वाटतो आणि तो साफ करायला जातो. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनने ऐकून बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एकदा आमची केबल अर्धीच खोचली गेली होती आणि रंगपंचमीच्या रहाडीचं, म्हणजे रंगाच्या हौदाचं, अख्खं फुटेज त्या कॅमेऱ्यावर टाईमकोडशिवाय आलं, दोन मिनिटं ऐकलं असतं तर कळलं असतं.

शूट करताना रेकॉर्ड दाबल्यावर दोन-तीन सेकंद जाऊ द्या, कोड वाचायला सुरुवातीला थोडी सलग जागा लागते. दोन सेकंदाच्या तुकड्या-तुकड्या क्लिपा टाळा.

मोबाईल आणि ड्रोन. मोबाईलचं फुटेज वेगळंच दुखणं, तो प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेम रेट स्वतःच वर-खाली करतो, मिनिटभराने सिंक सरकायला लागतो. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगला पाल फॉरमॅट दाखवा असा पर्याय आहे, तो चालू केला की २५ मिळतं. आणि पाहुण्यांनी पाठवलेलं फुटेज आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणाऱ्या, फ्रेम रेटला करून घ्या. ड्रोनला तर आवाजच नसतो, वेव्हफॉर्मने जुळवणार कसं. त्यावर एक छान उपाय, ड्रोन उडवायच्या आधी रेकॉर्ड चालू करून टाईमकोडच्या ॲपचा पळता आकडा मोबाईलच्या स्क्रीनवर त्याच्यासमोर धरायचा आणि तसंच रेकॉर्ड चालू ठेवून उडवायचा. एडिटमध्ये तो आकडा वाचून क्लिपला तोच टाईमकोड द्यायचा.

मध्यरात्रीचं लक्षात ठेवा. २३:५९:५९:२४ नंतर आकडा ००:००:००:०० होतो, आणि त्यानंतरच्या क्लिपा टाईमलाईनवर सगळ्यात आधी जाऊन बसतात. जागरण-गोंधळ रात्रभर चालतो, विसर्जन रात्री उशिरापर्यंत चालतं, आणि २०१५ नंतरचा सिंहस्थ आता तोंडावर आलाय, तिथे लोक रात्रीच जागा धरून बसणार आणि पहाटे स्नान, म्हणजे मध्यरात्र ओलांडणं आलंच. अशा शूटला घड्याळाची खरी वेळ लावूच नका. संध्याकाळी सहाला ०६:००:००:०० लावून सुरू करा, पहाटे सहाला १८:००:००:०० होईल, सगळं सलग. फक्त डायरीत लिहून ठेवा की बारा तासाचा फरक आहे, नाहीतर महिन्याने स्वतःलाच कळत नाही.

एडिटला मी दाविंची रिझॉल्व्ह वापरतो, फुकट आहे आणि एलटीसी वाचतो. नवीन प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा फ्रेम रेट २५ करा, एकदा फुटेज आत घेतलं की प्रोजेक्टचा रेट लॉक होतो. मग ज्या क्लिपांवर कर्रर्र आवाज आहे त्या मीडिया पूलमध्ये निवडून राईट क्लिक, अपडेट टाईमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक. मग व्हिडिओ आणि रेकॉर्डरच्या फाईली एकत्र निवडून ऑटो सिंक ऑडिओ, बेस्ड ऑन टाईमकोड. पहिल्यांदा दोनशे क्लिपा अशा जागेवर बसताना बघितल्या तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, चार रात्रींचं काम चहा होईपर्यंत झालं. ड्रोनच्या क्लिपेला हाताने आकडा द्यायचा तर क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये टाईमकोडचा टॅब आहे. प्रीमियरमध्ये मल्टिकॅमला टाईमकोडचा पर्याय आहे पण तो आवाजातला कोड स्वतः वाचत नाही, त्यासाठी आधी वेगळ्या सॉफ्टवेअरमधून फाईली काढाव्या लागतात.

एवढं करूनही प्रत्येक कॅमेऱ्याची एखादी क्लिप डोळ्याने तपासा, ठोका पडतो ती फ्रेम आणि आवाजाचं टोक. माईकच्या जॅकने आलेला कोड काही कॅमेऱ्यात एखाद्या फ्रेमने पुढेमागे असतो, पण तो फरक त्या कॅमेऱ्यापुरता कायम तोच राहतो, एकदा मोजला की सगळ्या क्लिपा तेवढ्याच सरकवायच्या. आणि टाईमकोड कॅमेऱ्याचा वेग सांभाळत नाही, तो फक्त पत्ता सांगतो. दोन तासाचं कीर्तन एकाच सलग क्लिपमध्ये असेल तर सुरुवात बरोबर आणि शेवटी पाच-सात फ्रेम सरकलेलं असं होऊ शकतं, तिथे मध्ये कुठेतरी बुवा अभंग बदलताना कापून मागचा भाग परत जुळवून घ्या, कोणाला कळतही नाही.

टाईमकोडचा अजून एक उपयोग, ज्याला काहीच खर्च नाही. क्लायंटचे मेसेज कसे येतात माहितीये, "ते मावशी हसताहेत तिथलं जरा कमी करा", आता मावशी चाळीस ठिकाणी हसताहेत. रिझॉल्व्हमध्ये वर्कस्पेस मेनूत डेटा बर्न-इन आहे, तिथून टाईमलाईनचा टाईमकोड चित्रावरच छापून कच्ची कॉपी पाठवा आणि सांगा की कोपऱ्यातला आकडा बघून लिहा. काका लोकसुद्धा बरोबर लिहितात, ०१:०४:१२ ला नाव चुकलंय म्हणून. तास एकपासून का, तर प्रोग्रॅम ०१:००:००:०० ला सुरू करायची जुनी रीत आहे, म्हणजे आधी पाटी, काऊंटडाऊन ठेवायला जागा मिळते. संगीत करणाऱ्याला, डबिंगला, सबटायटलवाल्याला हीच कॉपी द्या, सगळे एकाच आकड्यावर बोलतात. डबिंगला पाठवताना चित्राच्या दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा बीप टाका, त्यांचा आवाज परत आला की तो बीप जुळवला की झालं. कच्ची कॉपी गेल्यावर मात्र टाईमलाईनची सुरुवात हलवू नका, नाहीतर आलेले सगळे आकडे चुकतात. आणि फायनल फाईल काढायच्या आधी बर्न-इन बंद केलंय का ते दोनदा बघा.